उन्हाळा रात्री मोजा : नागपूर महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मा. शहर अभियंता
आणि नगररचना, उद्यान व आरोग्य विभागांचे प्रमुख,
नागपूर महानगरपालिका

विषय : शहरात मुरणारी उष्णता आणि ती वाढवणारी बांधकामे

महोदय,

नागपूरच्या उन्हाळ्याची चर्चा दरवर्षी एकाच आकड्याभोवती फिरते. सोनेगावच्या वेधशाळेत दुपारी नोंदलेले कमाल तापमान, एवढाच तो आकडा. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. तो पंचेचाळीसच्या वर गेला की बातम्या येतात, शाळांच्या वेळा बदलतात, पाणपोया लागतात. पण वेधशाळा आहे विमानतळाच्या मोकळ्या आवारात. इतवारीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत रात्री एक वाजता स्लॅबखाली झोपलेल्या माणसाला किती तापमान सोसावे लागते, हे त्या आकड्यातून कळत नाही. माणसाचे शरीर दिवसभराचा ताण रात्री उतरवते. रात्रीही खोली ३५-३६ अंशांवर राहिली तर तो ताण उतरत नाही, दुसऱ्या दिवसाचा त्यावर चढतो. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हातारी माणसे, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण कोसळतात ते यामुळे, आणि त्यातले बरेचसे घरातच.

राजस्थानकडून येणारे कोरडे वारे थांबवणे महापालिकेच्या हातात नाही. लाट येईल, ओसरेल. मात्र त्या लाटेतली किती उष्णता शहर दिवसा गिळून ठेवील आणि रात्री किती ओकील, हे रस्त्याच्या निविदेवर, इमारतीच्या नकाशावर, गच्चीच्या थरावर आणि झाडाच्या बुंध्याभोवतीच्या सिमेंटवर ठरते. या चारही गोष्टींवर आपल्या कार्यालयाची सही असते. म्हणून आमचे मुख्य म्हणणे असे की उष्णता हा विषय एकट्या आरोग्य विभागाकडे ठेवू नका, तो बांधकाम, नगररचना आणि उद्यान विभागांच्या रोजच्या कामात आणा. २०१६ पासून नागपूरकडे उष्मा कृती आराखडा आहे. इशारे देणे, दवाखाने सज्ज ठेवणे, लोकांना सावध करणे ही कामे त्यात आहेत आणि ती आवश्यकच आहेत. पण उष्णता जिथे तयार होते तिथे हात घालायचा तर शहर अभियंत्यांना पुढे यावे लागेल.

आधी इशाऱ्याचा निकष पाहू. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असले की उष्णतेची लाट, त्याहून जास्त असले की तीव्र लाट. किंवा मग थेट ४५ अंश गाठले की लाट आणि ४७ गाठले की तीव्र लाट. आता मे महिन्यात नागपूरची सरासरीच ४२-४३ असते. म्हणजे पहिल्या निकषाने लाट ठरायला ४७ च्या आसपास जावे लागते. सलग दहा दिवस ४४ अंश आणि रात्री ३१-३२ अंश अशी स्थिती राहिली तर कागदोपत्री लाट आलेलीच नसते, आणि जीवघेणी असते ती नेमकी हीच स्थिती. हवामान खाते ‘उष्ण रात्र’ असाही निकष वापरते : कमाल ४० किंवा त्याहून जास्त आणि किमान सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त. आपल्या आराखड्यात हा निकष कमाल तापमानाच्या बरोबरीने यावा. केशरी आणि लाल इशारा ठरवताना आदल्या तीन रात्रींचे किमान तापमान धरावे, आणि ते शहराच्या आतले असावे.

शहर रात्री गरम का राहते, हे रस्त्यापासून सुरू करू. सिमेंट रस्त्याचा वरचा थर २०-२५ सेंटिमीटर जाड असतो आणि त्याखाली कमी सिमेंट घातलेल्या काँक्रीटचा आणखी एक थर असतो. सात मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्याच्या पाव मीटर जाडीच्या थरात १,७५० घनमीटर काँक्रीट होते. एक घनमीटर काँक्रीट एका अंशाने तापायला साधारण २१ लाख जूल लागतात. हा थर दिवसभरात सरासरी पाच अंशांनी जरी तापला, तरी त्यात सुमारे ५,१०० युनिट विजेएवढी उष्णता साठते. सूर्य मावळल्यावर ती बाहेर पडू लागते आणि पहाटेपर्यंत पडत राहते. ही एका किलोमीटरची गोष्ट झाली.

याचा अर्थ सिमेंटचा रस्ता वाईट आणि डांबरी चांगला, असा कोणी काढू नये. ताजे डांबर ऊन जवळजवळ सगळेच शोषते आणि मे महिन्यात दुपारी त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. नवे काँक्रीट त्यापेक्षा बरेच जास्त ऊन परावर्तित करते. खरी अडचण आहे ती रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत नेण्यात. मध्ये सिमेंट, कडेला गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे), गट्टूंच्या खाली पुन्हा काँक्रीट, आणि तो थर थेट कंपाउंडच्या भिंतीला भिडलेला. पाणी मुरायला हातभर माती उरत नाही. ओली माती उन्हातली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च करते, काँक्रीटला तो मार्गच नाही. त्याच कामामुळे पावसाळ्यात पाणी घरात शिरते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा शहराने जे भोगले, त्याला अतिवृष्टी कारण होतीच, पण पाणी जिरायला जमीन न उरणे हेही होते.

तेव्हा रस्त्याच्या प्रत्येक नव्या निविदेत दोन्ही बाजूंना किमान एक मीटर रुंदीची मातीची पट्टी हवी. तिची पातळी रस्त्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली असावी, उंच नसावी. उंच पट्टीत पाणी उतरत नाही, उलट तिची माती रस्त्यावर वाहून येते. जिथे गट्टू लावणे भागच आहे, तिथे त्यांच्या खाली काँक्रीट न घालता खडी आणि भरड वाळू घालावी. सांध्यांतही सिमेंट न भरता वाळूच भरावी. निविदेत हे लिहिलेले असूनही ठेकेदार सांधे सिमेंटने भरतो, कारण मग गट्टू हलल्याची तक्रार येत नाही. देयक काढण्यापूर्वी दर शंभर मीटरला एक गट्टू उचलून खाली काय आहे ते पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे.

आता छतांकडे वळू. आमच्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर असतो, आणि नवतपा, म्हणजे सर्वाधिक उष्ण मानले जाणारे नऊ दिवसही, त्याच सुमारास. या काळात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. सगळ्यात जास्त मार बसतो छताला आणि त्यानंतर पश्चिमेच्या भिंतीला. दुपारी छतावर दर चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट ऊन पडते. जुना, काळवंडलेला स्लॅब त्यातले पाऊण शोषतो. ६०० चौरस फुटांच्या छताचा हिशेब केला तर ते सुमारे ३८ किलोवॅट होतात. तेच छत स्वच्छ पांढरे असेल तर १५ किलोवॅट. फरक २३ किलोवॅटचा, एकाही युनिट विजेविना.

पत्रा आणि स्लॅब यांचे दुखणे मात्र वेगवेगळे आहे आणि उपायही वेगळे. पाच इंची स्लॅबमधून उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणून संध्याकाळी सहा-सातला छताची आतली बाजू सर्वाधिक तापलेली असते, आणि गॅस बंद केल्यावरही तवा चटके देत राहावा तशी ती मध्यरात्रीनंतरही खोलीत उष्णता सोडत राहते. टिनाच्या छताला मुळात जाडीच नाही. ते दुपारी ७० अंशांच्या आसपास तापते आणि खालच्या माणसाला थेट भाजते, पण सूर्य गेल्यावर तासाभरात थंड होते. टिनाच्या घरातली दुपार घातक आणि स्लॅबच्या घरातली रात्र. झोपडपट्टीसाठी आखलेला उपाय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला लागू पडत नाही, तो यामुळे.

स्लॅबसाठी चुना पुरेसा आहे. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी घालून तो विरवावा, २४ तास मुरू द्यावा आणि जाड कापडातून गाळावा. दर दहा लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच पहिला हात द्यावा, दुसरा त्याला आडवा, आणि तिसराही द्यावा. भिंतीच्या चुन्यात घालतात तशी नीळ यात घालू नये, तिने शुभ्रपणा दिसतो पण परावर्तन घटते. कळीचा चुना विरवताना पाणी उकळते, अंगावर उडाले तर भाजते, डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. कामगारांना चष्मे आणि हातमोजे दिल्याशिवाय हे काम सुरू करू नये. हा थर पावसाळ्यात धुपतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीअखेर पुन्हा द्यावा लागतो. ज्या इमारतीत पावसाचे पाणी साठवतात, तिथे पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी टाकीत न घेता वाहून जाऊ द्यावे. एप्रिलमध्ये धूळ बसून छत करडे होते आणि निम्मा फायदा जातो. पंधरा दिवसांतून एकदा झाडू फिरवला तरी पुरते.

गच्चीच्या जलरोधनाचे काम निघणारच असेल तर चुन्यावर न थांबता ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जाड थर) करून त्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे, म्हणजे चकचकीत फरशीचे, तुकडे बसवावेत. खर्च जास्त आहे, पण कोब्याची जाडी उष्णता अडवते, पांढरा तुकडा ऊन परतवतो आणि गळतीही थांबते. मुंबई आणि गुजरातमधल्या जुन्या गच्च्यांवर हे काम कित्येक वर्षे टिकलेले दिसते.

टिनावर चुना लावू नका. तो धरत नाही, पोपडे निघतात, आणि चुन्याचा क्षार पत्र्यावरच्या जस्ताच्या थराला खातो. टिनाला ऊन परतवणारा पांढरा ॲक्रिलिक रंग लागतो आणि तोही गंज खरवडून, प्रायमर मारून. तेवढा पैसा नसेल तर पत्र्याच्या वर वीतभर अंतर ठेवून बांबूचे तट्टे किंवा हिरवी जाळी बांधावी. मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी हवी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. जाळी पत्र्याला चिकटवून टाकली तर फारसा उपयोग होत नाही. मे महिन्यातल्या वादळात ती उडून विजेच्या तारांवर पडते, म्हणून दर मीटरला बांधणी हवी आणि चुलीच्या धुराड्याजवळ ती अजिबात नको.

सुरुवात महापालिकेच्या स्वतःच्या छतांपासून व्हावी : शाळा, दवाखाने, प्रसूतिगृहे, निवारागृहे. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छत धोरण आणून सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. अहमदाबादचा अनुभव तर आपल्याला अगदी लागू आहे. मे २०१० च्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, आणि त्यातूनच २०१३ चा तिथला कृती आराखडा उभा राहिला. तिथल्या एका रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. तो खाली हलवल्यावर उष्णतेने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. नागपुरातल्या प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात स्लॅबच्या लगेच खाली कोणते कक्ष आहेत, याची यादी एका आठवड्यात होऊ शकते.

झाडांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या हेतूने चुकीची कामे होतात. मोठे झाड दिवसाला शंभर लिटर पाणी पानांवाटे सोडत असेल, तर त्या बाष्पीभवनात सुमारे ६७ युनिट उष्णता खर्च होते. दीड टनाचा एसी तेरा तास चालवून खोलीतून जेवढी उष्णता काढतो, जवळपास तेवढी. पण हे होते मुळांना पाणी मिळाले तरच. बुंध्याला सिमेंट भिडवलेले झाड मे महिन्यात पाने वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेते. सावली देते, गारवा देत नाही, आणि काही वर्षांत पोकळ होऊन पहिल्या वादळात पडते. मग झाडेच धोकादायक म्हणून आणखी चार तोडली जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांच्या भोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तोच नियम इथे लावावा. काँक्रीट फोडताना मात्र ब्रेकर बुंध्यापासून अर्ध्या मीटरच्या आत नेऊ नये, तिथले काम छिन्नी-हातोड्याने व्हावे, नाहीतर वाचवायला गेलेल्या झाडाचीच मुळे तुटतात.

लावायची झाडे फुलांवरून न निवडता मे महिन्यातल्या सावलीवरून निवडावीत. बहावा, गुलमोहर, नीलमोहर दुभाजकावर सुंदर दिसतात, पण ऐन एप्रिल-मेमध्ये त्यांच्यावर पाने नसतात किंवा विरळ असतात. बॉटल पामची सावली खांबाएवढी. करंज, कडुलिंब, जांभूळ, बकुळ यांचा विस्तार मे महिन्यात भरगच्च असतो. वड-पिंपळांना मोकळी जागा लागते, ते तलावांच्या काठी आणि उद्यानांत लावावेत, अरुंद पदपथावर नव्हे. सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सकडे उन्हाळ्यात जो गारवा जाणवतो तो जुन्या, मोठ्या, मातीत उभ्या असलेल्या झाडांचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वृक्ष कायद्यात तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी झाडे लावण्याची तरतूद आली. मात्र साठ वर्षांच्या कडुलिंबाच्या बदल्यात शहराबाहेर लावलेली साठ रोपे त्या गल्लीला पुढची पंधरा वर्षे काहीच देत नाहीत. भरपाईची झाडे त्याच प्रभागात लागावीत.

रोप जगते की मरते, ते पहिल्या तीन उन्हाळ्यांत ठरते. आठवड्यातून दोनदा ३०-४० लिटर, बुंध्याशी पुरलेल्या छिद्रांच्या पाइपातून, आणि आळ्यात वीतभर वाळलेल्या पानांचे आच्छादन. रोज थोडे शिंपडलेले पाणी वरच्या वरच उडते आणि मुळे खाली जातच नाहीत. पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न नागपूरला पडू नये. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी आज कोराडीच्या वीज केंद्राला जाते. त्यातला लहानसा वाटा मार्च ते जून झाडांसाठी राखून ठेवावा. आणि झाडलोट करून गोळा केलेला पाला जाळणे बंद व्हावे, तो आळ्यांत घाला.

एसीबाबत नगररचना विभागाला एकच सांगणे आहे. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण ५.२ किलोवॅट उष्णता काढतो, दीड किलोवॅट वीज घेतो आणि बाहेर ६.७ किलोवॅट सोडतो. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये (आत ठेवलेल्या उभ्या पोकळीत) अशी दहा यंत्रे असतील तर ती एकमेकांचीच गरम हवा ओढतात, वीज जास्त खातात, आणि त्याच डक्टकडे खिडकी असलेल्या घराला रात्री ती खिडकी उघडता येत नाही. नकाशा मंजूर करतानाच एसीच्या बाहेरच्या युनिटची जागा दाखवणे सक्तीचे करा. ती मोकळ्या बाजूला असावी, डक्टमध्ये किंवा जिन्याकडे नसावी. ज्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या नाहीत, तिथे विदर्भाचा कूलरही चालत नाही. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जिथवर थंड होऊ शकते ते, २३ अंशांच्या आसपास असते, म्हणजे कूलरला भरपूर वाव असतो, पण दमट झालेली हवा बाहेर जायला वाट असेल तरच. तीन बाजूंनी बंद खोली विकू दिली की त्या कुटुंबाला आपण एसी घ्यायला भाग पाडतो.

मोजमाप नीट झाले नाही तर वरचे सगळे चाचपडत होईल. महाल, इतवारी, सीताबर्डी, मोमिनपुरा, कळमना, हिंगणा मार्ग आणि तुलनेसाठी सेमिनरी हिल्स अशा ठिकाणी स्वयंचलित तापमापक बसवावेत. ते जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीत असावेत, भिंत, एसी आणि तापलेल्या गच्चीपासून दूर. गच्चीवर बसवलेला तापमापक गच्चीचेच तापमान सांगतो. रात्री दहा आणि पहाटे पाच या दोन नोंदी रोज जाहीर व्हाव्यात. केवळ उपग्रहाच्या नकाशावर विसंबू नका. तो पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, हवेचे नव्हे. मे महिन्यात दुपारी शहराभोवतीची उघडी, नांगरलेली शेतजमीन शहरापेक्षाही तापलेली असते, त्यामुळे दुपारच्या नकाशात शहरच थंड दिसते. अशा नकाशावरून शहर तापत नाही असा निष्कर्ष काढणारा अहवाल कोणी दिला, तर रात्रीची प्रतिमा मागा.

सिग्नलवरच्या हिरव्या जाळ्या चांगल्या आहेत, त्या एप्रिलच्या आधी लावा. उद्याने दुपारी बारा ते चार उघडी ठेवा, ज्यांना छप्पर नाही त्यांना तीच सावली आहे. बांधकामाच्या जागेवर त्या चार तासांत स्लॅब ओतण्याची परवानगी नको. काँक्रीटलाही ते ऊन मानवत नाही, पृष्ठभाग लवकर सुकून तडे जातात. रुग्णवाहिकेत बर्फ आणि पाणी असावे. शरीर ४० अंशांच्या वर तापलेल्या आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला आधी भिजवून, वारा घालून थंड करायचे असते, मग हलवायचे, हे प्रत्येक चालकाला शिकवलेले असावे.

यासाठी नवा विभाग लागत नाही. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतो, चुना फेब्रुवारीअखेर लागायला हवा, म्हणजे छतांची निविदा डिसेंबरमध्ये निघायला हवी. आमची विनंती अशी की येत्या महिनाभरात तीन गोष्टी लेखी कळवाव्यात : महापालिकेच्या किती इमारतींची छते येत्या उन्हाळ्याआधी पांढरी होणार, रस्त्यांच्या चालू निविदांत मातीच्या पट्टीची अट घालता येईल का आणि ती कोणत्या कामांपासून, आणि रात्रीच्या तापमानाच्या नोंदी कोणता विभाग ठेवणार. तापमापकांच्या जागा ठरवणे, निविदेतली कलमे लिहिणे आणि चुन्याच्या कामाची देखरेख यांसाठी आम्ही विनामूल्य वेळ द्यायला तयार आहोत.

आपले,
नागपुरातील काही स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद आणि वृक्ष अभ्यासक